हॉररचे रिमेक: राहून गेलेली जागा आणि मुद्दाम सोडलेली जागा

माझी भाची इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे, गणपतीच्या सुट्टीत चार दिवस माझ्याकडे पुण्याला आली होती. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर मी म्हटलं चल तुला 'द थिंग' दाखवते, तर म्हणे मावशी मी बघितलाय तो. मला इतका आनंद झाला, म्हटलं आजकालची मुलं हे पण बघतात, आणि मग बोलता बोलता लक्षात आलं की ती २०११ च्या पिक्चरबद्दल बोलतीये. नाव तेच, अंटार्क्टिका तेच, बर्फात सापडलेला तो जीव तोच, त्यामुळे तिची काही चूक नाही. तिला माहीतच नव्हतं की त्याच नावाचा १९८२ चा एक पिक्चर आहे आणि तिने बघितलेला त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. आणि गंमत अशी की तो १९८२ चा, ज्याला आपण आता क्लासिक म्हणतो, तो स्वतःच एक रिमेक आहे, १९५१ च्या पिक्चरचा.

मग आम्ही तो लावला. त्याबद्दल शेवटी सांगते. (स्पॉयलर भरपूर आहेत बरं का, ज्यांनी हे पिक्चर बघितले नाहीयेत त्यांनी आधी बघा आणि मग या.)

रिमेक म्हटलं की आमच्या मित्रमंडळींत सगळे नाक मुरडतात, ओरिजिनल ते ओरिजिनल, ह्यांना नवीन काही सुचत नाही वगैरे. मी पण बरीच वर्षं हेच बोलत होते. पण एकदा बसून माझे सगळ्यात आवडते हॉरर पिक्चर मोजले तर त्यात 'द थिंग' रिमेक, 'द फ्लाय' रिमेक, 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' १९७८ चा तो पण रिमेक. मग हे एवढे भारी का आणि बाकीचे ढीगभर इतके पोकळ का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कित्येक दिवस घोळत होता, आणि भाचीबरोबरच्या त्या चार रात्रींमधे मला त्याचं माझ्यापुरतं उत्तर सापडलं.

प्रत्येक जुन्या पिक्चरमधे काही जागा रिकाम्या असतात. त्यातल्या काही राहून गेलेल्या असतात, म्हणजे दिग्दर्शकाला करायचं होतं पण तेव्हा जमत नव्हतं, पैसे नव्हते, तंत्र नव्हतं, नाहीतर स्टुडिओवाले करू देत नव्हते. आणि काही जागा मुद्दाम सोडलेल्या असतात, तिथे अंधार ठेवलेला असतो, कारण भीती तिथेच राहते. चांगला रिमेक करणारा राहून गेलेली जागा शोधतो आणि तिथे काम करतो. वाईट रिमेकवाला नेमका मुद्दाम सोडलेल्या जागेत शिरतो आणि तिथला दिवा लावतो.

'द थिंग'चंच घ्या. मूळ गोष्ट जॉन कॅम्पबेलची, १९३८ ची. त्यात भीतीचा सगळा मुद्दा हा आहे की बर्फातून बाहेर आलेला जीव कुणाचंही रूप घेऊ शकतो, त्यामुळे तळावरच्या माणसांना कळत नाही की शेजारी बसलेला आपला माणूस आहे की ते. १९५१ साली हॉवर्ड हॉक्सने त्यावर पिक्चर काढला, दिग्दर्शक म्हणून नाव क्रिस्टियन नायबीचं, पण हे रूप बदलणं तेव्हाच्या तंत्रात दाखवणार कसं, म्हणून ते चक्क काढूनच टाकलं. त्यातला राक्षस म्हणजे एक उंच धिप्पाड माणूस, वनस्पतीपासून तयार झालेला. पिक्चर छान आहे, संवाद फटाफट आहेत, एकावर एक बोलतात सगळे, पण गोष्टीचा गाभा तिथे नाही. ही झाली राहून गेलेली जागा.

जॉन कार्पेंटरला तो जुना पिक्चर जाम आवडायचा. त्याच्या 'हॅलोविन'मधे, १९७८ च्या, ती लहान मुलं टीव्हीवर तोच बघत बसलेली असतात, पुढच्या वेळी नीट बघा, दिसेल. पण चार वर्षांनी त्याला स्वतःला करायला मिळाला तेव्हा तो पिक्चरकडे न जाता मागे कॅम्पबेलच्या गोष्टीकडे गेला. बारा पुरुष, एक तळ, बाहेर पडायची सोय नाही, आणि कुणावरच विश्वास नाही. रूप बदलणं दाखवायला त्याच्याकडे रॉब बॉटिन होता, पोराचं वय तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस, रबर, फोम, लॅटेक्स, यंत्रं, जे हाताला लागेल ते वापरून त्याने ते सगळं खरंखुरं बनवलं, वर्षभर जवळपास स्टुडिओतच राहिला आणि शेवटी एवढा थकला की त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. (कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला तो भयंकर सीन मात्र स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी केला.)

पण मला विचाराल तर त्यातला सगळ्यात भारी सीन रबराचा नाहीच, रक्ताच्या टेस्टचा आहे. सगळ्यांना बांधून ठेवलंय, प्रत्येकाचं रक्त काचेच्या बशीत घेतलंय, आणि मॅक्रेडी, तळावरचा हेलिकॉप्टर पायलट आणि पिक्चरचा हिरो, तापवलेली तार एकेका बशीत बुडवतो. चर्र. काही नाही. पुढची बशी, चर्र, काही नाही. मी हा सीन पंधरा-वीस वेळा तरी बघितला असेल, कुणाच्या बशीत काय होणार ते मला पाठ आहे, तरी त्या वेळी मी श्वास रोखून बसते. भाचीने तर माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली.

हा पिक्चर २५ जून १९८२ ला आला आणि आपटला. दोन आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, लोक गोड परग्रहवाल्यासाठी थिएटरात डोळे पुसत होते, त्यांना हे घाण वाटलं. समीक्षकांनी धुतला. एन्निओ मॉरिकोनेच्या संगीताला, ते नुसतं हृदयाच्या ठोक्यासारखं वाजत राहणारं संगीत, त्याला त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट संगीताचं नामांकन मिळालं. मला हे वाचून अजूनही राग येतो.

आता २०११ चा. त्यात नॉर्वेच्या तळावर आधी काय झालं ते दाखवलंय. १९८२ च्या पिक्चरमधे मॅक्रेडी आणि डॉक्टर त्या जळलेल्या नॉर्वेजियन तळावर जातात तेव्हा आपल्याला काय दिसतं? दारात रुतलेली कुऱ्हाड, खुर्चीत गोठलेला माणूस, त्याने स्वतःचा जीव घेतलाय, आतून पोकळ झालेला बर्फाचा मोठा ठोकळा, आणि बाहेर दोन चेहरे एकमेकांत वितळलेलं एक जळकं प्रेत. बस. कुणी सांगत नाही इथे काय झालं. ते आपण आपल्या डोक्यात लावत राहतो आणि पुढे जे होणार त्याची भीती तिथेच पोटात बसते. ही मुद्दाम सोडलेली जागा. २०११ वाल्यांनी एकेक करून सगळं भरलं, कुऱ्हाड कुणी मारली, ती दोन तोंडं कशी जुळली. मन लावून केलंय, ते दिसतं, दाताच्या फिलिंगवरून माणूस ओळखायची त्यातली कल्पना मला खरंच आवडली, की तो जीव धातू कॉपी करू शकत नाही म्हणून ज्याच्या दातात फिलिंग दिसत नाही त्याच्यावर संशय. पण भरल्यावर उरलं काय? वर आणखी वाईट म्हणजे त्यांच्याकडे खरी यंत्रं, खरे पुतळे बनवून घेतले होते, चांगले कारागीर होते, आणि नंतर त्यातल्या बहुतेकांवर कॉम्प्युटरने चढवलं. ज्यांनी महिनोन्महिने राबून ते बनवलं त्यांना काय वाटलं असेल हा विचार करून मला गलबलतं.

'द फ्लाय'बद्दल लिहायला मला जरा जड जातं, पण लिहिते. १९५८ च्या मूळ पिक्चरमधे शास्त्रज्ञाच्या मशिनमधे माशी शिरते आणि एका झटक्यात त्याचं डोकं आणि एक हात माशीचा होतो. शेवटी कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली ती इवलीशी माणसाच्या तोंडाची माशी वाचवा वाचवा ओरडते, तो सीन लहानपणी ज्यांनी बघितला ते विसरत नाहीत. पण झालं ते एका क्षणात झालं, बदलणं दिसलंच नाही. डेव्हिड क्रोननबर्गने १९८६ साली ती जागा पकडली. त्याने बदल हळू केला. शास्त्रज्ञ झालेला जेफ गोल्डब्लम मशिनमधून बाहेर येतो तेव्हा ठणठणीत असतो, उलट ताकद वाढलेली, मग पाठीवर दोन-चार जाड केस, मग त्वचा, मग नखं निघून हातात येतात, दात पडतात, कान गळून पडतो, आणि तो ते सगळं बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात नीट मांडून ठेवतो. त्याच्या मेकअपला ऑस्कर मिळालं. तेव्हा एड्सची भीती सगळीकडे होती म्हणून लोकांनी पिक्चरचा अर्थ तसा लावला, क्रोननबर्ग स्वतः मात्र म्हातारपण आणि कुठल्याही आजाराबद्दल बोलत आलाय.

मी हा पिक्चर पहिल्यांदा कॉलेजात बघितला तेव्हा ईईई करत बघितला. दुसऱ्यांदा बघितला तो बाबा गेल्यानंतर वर्षभराने. बाबांचा आजार चौदा महिने चालला. रोज काहीतरी एक जायचं, आधी जिना, मग चमचा धरणं, मग माझं नाव. ते स्वतःच्या हाताकडे असे बघत बसायचे जसं काही तो दुसऱ्याचा हात आहे. त्याची प्रेयसी झालेली जीना डेव्हिस त्या पिक्चरमधे त्याला, म्हणजे त्याचं जे काही झालंय त्याला, जवळ घेते, मिठी मारते, तिला किळस येत नाही असं नाही पण ती घेते, आणि त्या सीनला मी पिक्चर थांबवला आणि खूप रडले. १९५८ च्या पिक्चरमधे हे येणं शक्यच नव्हतं. कुणीतरी पुन्हा केला म्हणून ते मला मिळालं, आणि त्या दिवसापासून मी रिमेकला सरसकट नावं ठेवणं बंद केलं.

'बॉडी स्नॅचर्स'चं थोडक्यात सांगते कारण त्यात राहून गेलेली जागा वेगळ्या प्रकारची आहे, स्टुडिओने बुजवलेली. १९५६ चा डॉन सीगलचा पिक्चर, गावातली माणसं एकेक करून बदलतात, दिसायला तीच पण आतून कोरडी, आणि शेवटी केविन मॅकार्थी हायवेवर गाड्यांसमोर ओरडत सुटतो की ते आलेत, पुढचा नंबर तुमचा. तिथेच संपणार होता. पण स्टुडिओला भीती वाटली, त्यांनी आधी आणि शेवटी हॉस्पिटलचे सीन जोडायला लावले, डॉक्टर त्याचं ऐकतात, फोन फिरवतात, म्हणजे आता सगळं ठीक होईल असं वाटावं. १९७८ ला फिलिप कॉफमनने गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोमधे नेली, आणि सुरुवातीलाच तोच केविन मॅकार्थी, बावीस वर्षांनी म्हातारा झालेला, रस्त्यात गाडीच्या काचेवर हात आपटत तसाच ओरडत येतो, जसं काही तो इतकी वर्षं पळतोच आहे आणि कुणी ऐकलंच नाही. काय सुचलंय! आणि शेवट तर, हिरो डोनाल्ड सदरलँडचं ते उघडं तोंड आणि रोखलेलं बोट, म्हणजे तोही त्यांच्यातलाच झालाय. स्टुडिओने जो आशेचा तुकडा घुसवला होता तो कॉफमनने पार काढून टाकला.

आता 'सायको'. हा मला खूप महत्त्वाचा वाटतो कारण असा प्रयोग फारसा कुणी करत नाही. १९९८ साली गस व्हॅन सँटने हिचकॉकचा १९६० चा 'सायको' जवळजवळ शॉट टू शॉट पुन्हा शूट केला, तीच पटकथा, तेच संगीत, फक्त रंगीत आणि नवीन नट. चोरीचे चाळीस हजार डॉलर होते ते चार लाख केले. सुरुवातीला हिचकॉकला शहरावरून उडत येऊन थेट हॉटेलच्या खिडकीत शिरायचं होतं, एकाच शॉटमधे, १९६० मधे ते जमलं नव्हतं, व्हॅन सँटने ते करून दाखवलं. म्हणजे राहून गेलेली जागा त्यालाही सापडली होती, फक्त ती एवढीशी होती, त्याने काही फरक पडला नाही.

मी दोन्ही पिक्चर एकाच शनिवारी लागोपाठ बघितले. बाथरूमचा सीन, हिचकॉकने त्याला सात दिवस घेतले होते, पिक्चरमधे त्यातला खून मिनिटभराचासुद्धा नाही, आणि नव्यात तेच कट, तोच सुरा, तीच व्हायोलिनची किंकाळी, आणि मला काही झालं नाही. अगदी काही नाही. मला आधी वाटलं जुना नुकताच बघितलाय म्हणून असेल, पण नंतर कळलं की १९६० साली थिएटरात बसलेल्या बाईला माहीतच नव्हतं की हिरॉइन अर्ध्या पिक्चरमधे मरणार आहे. हिचकॉकने पिक्चर सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका अशी ताकीद थिएटरवाल्यांना दिली होती ती त्यासाठीच. तो धक्का शॉटमधे नव्हता, तो बघणाऱ्याच्या न कळण्यात होता, आणि १९९८ साली न कळणारा माणूस कुठून आणायचा. शॉटची कॉपी होते, हे न कळणं कॉपी होत नाही. तरी मला हा पिक्चर केला गेला याचा आनंदच आहे, कुणीतरी करून बघितलं म्हणून आपल्याला कळलं.

२००३ ते २०१० ही तर रिमेकची लाटच होती. 'टेक्सस चेनसॉ', 'ॲमिटिव्हिल', 'द फॉग', 'द ओमेन' (तो तर ६ जून २००६ ला रिलीज केला, तीन सहा जुळावेत म्हणून), 'फ्रायडे द थर्टीन्थ', 'एल्म स्ट्रीट'. आम्ही हॉस्टेलवर यातले बरेच सीडीवर बघितले, एका कॉम्प्युटरभोवती सात-आठ जणी चादरी घेऊन. सगळ्यांचा रंग एकच, तो पिवळट हिरवा, सगळ्यांचा आवाज एकच, शांतता शांतता आणि धाडकन. किंचाळलो खूप, आठवत काही नाही. अपवाद झॅक स्नायडरचा 'डॉन ऑफ द डेड', २००४ चा. मूळ पिक्चरमधली रोमेरोची प्रेतं रांगत चालत यायची, ह्याची धावत येतात, आणि पहिली दहा मिनिटं म्हणजे सकाळी उठून नवऱ्याला शेजारच्या पोरीने चावा घेतला इथपासून सगळं शहर पेटलंय इथपर्यंत, मला आजही तोंडपाठ आहेत.

त्या लाटेतला मला सगळ्यात जास्त दुखावणारा म्हणजे रॉब झॉम्बीचा 'हॅलोविन', २००७ चा. वाईट दिग्दर्शक नाही तो, त्याला रक्तमांसाची माणसं कळतात. पण १९७८ च्या पिक्चरमधे मायकल मायर्स म्हणजे काय, तर सहा वर्षांचा एक मुलगा, चांगल्या घरातला, एका रात्री बहिणीला मारतो. का? काही नाही. पंधरा वर्षांनी परत येतो. का? काही नाही. त्याचा मास्क म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंग मारलेला, चेहरा आहे पण चेहऱ्यावर काहीच नाही. श्रेयनामावलीत त्याचं नाव पण नुसतं आकृती असं लिहिलंय. हे सगळं ठरवून रिकामं ठेवलेलं आहे! आणि झॉम्बीने काय केलं तर त्याला बालपण दिलं, दारुडा शिव्या देणारा सावत्र बाप, बारमधे कपडे काढून नाचणारी आई, शाळेत त्रास देणारी पोरं, आधी प्राणी मारणं. आता हे सगळं कळल्यावर मला त्या पोराची दया येते, आणि दया आली की संपलं, रात्री खिडकीबाहेर तो उभा असेल असं वाटत नाही. २०१८ साली डेव्हिड गॉर्डन ग्रीनने नवीन 'हॅलोविन' केला तेव्हा त्याने मधले सगळे भाग बाजूला ठेवले, आणि लॉरी, म्हणजे १९७८ च्या पिक्चरची हिरॉइन, त्याची बहीण होती हे जे १९८१ पासून चिकटलं होतं ते पण काढलं, एक पात्र सरळ म्हणतं की ते लोकांनी रचलेलं आहे. जागा परत रिकामी केली. मी थिएटरात टाळी वाजवली, एकटीनेच.

दुसऱ्या रात्री भाचीला 'रिंगू' दाखवला, हिदेओ नाकाताचा, १९९८ चा. मला धाकधूक होती की कॅसेट म्हणजे काय हे तरी तिला कळेल का. ती व्हिडिओ कॅसेट बघितली की फोन येतो आणि सात दिवसांनी माणूस मरतो. तिने खरंच विचारलं की मावशी हे लोक ती कॅसेट बघतातच कशाला, प्लेअर शोधण्यापासून एवढी मेहनत करून. मी तिला सांगितलं की आमच्या घरी पण अशा नाव नसलेल्या कॅसेट असायच्या, कुणाच्या तरी लग्नाच्या वर काहीतरी रेकॉर्ड केलेलं, मधेच मुंग्या, मधेच अनोळखी बाईचा चेहरा, आणि आत काय आहे हे लावल्याशिवाय कळायचंच नाही. ते ऐकून ती गप्प झाली. आणि शेवटी सादाको, त्या कॅसेटमागचं भूत, टीव्हीतून बाहेर येते तेव्हा ती माझ्या मागे जाऊन बसली. ते चालणं इतकं विचित्र का वाटतं तर ती नटी उलटी, मागे मागे चालली आहे आणि फिल्म उलटी फिरवली आहे. आणि सादाकोचा चेहरा आपल्याला दिसत नाही. केसांच्या आडून एक डोळा, बस.

२००२ च्या अमेरिकन 'द रिंग'मधे चेहरा दिसतो. मेकअप उत्तम आहे, पिक्चरही वाईट नाही, ते ओलं निळसर सिॲटल, बोटीवरून उडी मारणारा घोडा, हे दिग्दर्शक व्हर्बिन्स्कीचं स्वतःचं आहे आणि मला ते आवडतं. पण चेहरा दिसला की मी सुटले. भाची पण हेच म्हणाली, तिच्या शब्दांत, की ही कोण आहे ते कळलं ना आता.

राहून गेलेल्या जागेचं मी गेल्या काही वर्षांत बघितलेलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेराटू'. आपल्याकडे जानेवारी २०२५ मधे लागला, मी दोनदा गेले. मुळात १९२२ चा मुर्नाऊचा पिक्चर हाच ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' पुस्तकावरून परवानगी न घेता, नावं बदलून केलेला. स्टोकरच्या बायकोने कोर्टात खेचलं, १९२५ साली कोर्टाने सगळ्या कॉपी नष्ट करायला सांगितल्या, काही वाचल्या म्हणून आज आपण बघतो. आणि उन्हाने व्हँपायर मरतो ही गोष्ट, जी आता सगळ्यांना वेदवाक्य वाटते, ती पुस्तकात नाही, या पिक्चरमधून आली. १९७९ ला हर्झोगने केला, क्लाऊस किन्स्कीचा तो दमलेला, मरता येत नाही म्हणून रडवेला झालेला व्हँपायर, आणि प्लेगने गाव मरतंय तर चौकात टेबलं मांडून शेवटचं जेवणारी माणसं, पायाशी उंदीर. तो पण फार मोठा पिक्चर आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

एगर्सला काय सापडलं? एक तर आवाज. १९२२ चा पिक्चर मूक, ऑरलॉकला, म्हणजे त्यातल्या व्हँपायरला, आवाजच नव्हता. बिल स्कार्सगार्डने ऑपेराच्या शिक्षिकेकडे शिकून आवाज खाली उतरवला, तो बोलतो तेव्हा थिएटरातल्या खुर्चीच्या हातावर ठेवलेला माझा हात थरथरत होता, खरंच. आणि दुसरी म्हणजे एलेन, पिक्चरची हिरॉइन. मूळ पिक्चरमधे ती पुस्तकात वाचते की निर्मळ बाईने त्याला पहाटेपर्यंत रोखून धरलं तर तो मरेल, आणि स्वतःला देऊन टाकते, एवढंच. तिच्या आत काय चाललंय हे १९२२ साली कुणी विचारलंच नाही. एगर्सचा पिक्चर तिच्यापासूनच सुरू होतो, एकटी मुलगी अंधारात कुणालातरी हाक मारते, आणि जो ओ देतो तो हा. पुढे तिला झटके येतात, डॉक्टर म्हणतो झोपताना पण कॉर्सेट घाला, ईथर द्या, बांधून ठेवा. माझ्या आजोळी गल्लीत एक काकू होत्या, त्यांच्या अंगात यायचं, कुणी म्हणायचं देवी, कुणी म्हणायचं ढोंग, देवऋषी यायचा, लिंबू कापायचा, आणि त्यांना काय होतंय हे त्यांना कुणी विचारलेलं मी तरी बघितलं नाही. मला त्या पूर्ण पिक्चरभर त्या काकू आठवत होत्या. आणि एवढं सगळं नवीन भरून एगर्सने मुर्नाऊची सावली मात्र सोडली नाही, ह्याच्याकडे ती शहरावरून सरकत जाते, हाताची नुसती सावली.

आता आपल्या घरचं. विशाल फुरियाने २०१७ मधे मराठीत 'लपाछपी' केला आणि २०२१ मधे त्यानेच त्याचा हिंदी रिमेक केला, 'छोरी'. दिग्दर्शक तोच, गोष्ट तीच, नवरा कर्जात बुडालाय म्हणून दिवस भरत आलेली बायको आणि तो ड्रायव्हरच्या गावच्या घरी लपायला जातात, घर चारी बाजूंनी उसात.

माझं आजोळ वाळवा तालुक्यातलं. उसाची भीती ज्याला माहीत नाही त्याला ती समजावणं अवघड आहे. लावण डोक्याच्या वर गेली की सरीत दोन पावलं आत शिरलं तरी बाहेरचं दिसत नाही, पाल्याने हात चरचर कापतात, खाली पाचट असतं त्यामुळे कुणी चाललं तर आवाज येतो पण कुठून येतो ते कळत नाही, आणि वारा आला की सगळा फडच चालायला लागतो. आम्ही पोरं उसात लपाछपी खेळायचो आणि मोठी माणसं ओरडायची, एकदा मी लपले आणि मला परत सरी सापडेना, कुणाच्या हाका ऐकू येत होत्या आणि सगळीकडून येत होत्या. 'लपाछपी'त पूजा सावंत जेव्हा पोट सांभाळत उसातून पळते आणि फिरून त्याच जागी येते, तेव्हा माझ्या तळपायाला पाचट टोचत होतं.

'छोरी' मी प्राइमवर बघितला, मोठ्या आशेने. नुसरत भरुचाने जीव तोडून काम केलंय, मीता वशिष्ठ जबरदस्त, पैसा जास्त आहे ते फ्रेमफ्रेममधे कळतं. पण एक नावच बघा ना. 'लपाछपी' म्हटलं की खेळ, मुलं, कोण लपलंय, कोण शोधतंय, काही सांगत नाही. 'छोरी' म्हटलं की पोटात मुलगी आहे आणि तिच्याबद्दलच सगळं आहे, हे पिक्चर सुरू व्हायच्या आधी सांगून टाकलं. आणि 'लपाछपी'तली उषा नाईकांची तुळसाबाई, त्या गावच्या घरातली बाई. ती भाकरी वाढते, पाठीवरून हात फिरवते, बाळंतपणाचं काय काय सांगते, अगदी तशीच जशा आमच्या गावच्या सगळ्या मावश्या काकवा करायच्या. 'छोरी'त त्याच जागी असलेली मीता वशिष्ठ पहिल्या क्षणापासून घाबरवते, आणि तुळसाबाईची भीती अशी की कितीतरी वेळ आपल्याला तिच्याकडे बरं वाटतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्याच बीडमधून माणसं दरवर्षी ऊस तोडायला आमच्याकडे यायची, फडाच्या कडेला कोप्या बांधून राहायची. त्या पोटातच मारलेल्या, न आलेल्या मुलींच्या मागे पण कुठेतरी अशीच भाकरी वाढणारी, पाठीवरून हात फिरवणारी बाई असणार, हे मला 'लपाछपी' बघताना कळलं आणि 'छोरी' बघताना कळलं नाही. मराठीत बघा तो, कुठे मिळेल तिथे.

तर भाची आणि 'द थिंग'. शेवटी तळ जळतोय, उणे किती थंडी, मॅक्रेडी एकटाच बसलाय आणि अंधारातून तळावरचाच चाइल्ड्स येतो. कुठे होतास? वादळात हरवलो होतो. दोघांनाही माहीत आहे की समोरचा कदाचित तो नाहीये. आता काय करायचं, तर मॅक्रेडी म्हणतो बसू थोडा वेळ इथेच, बघू काय होतं, आणि बाटली पुढे करतो. चाइल्ड्स पितो. संपला पिक्चर. भाची उठून बसली, म्हणे म्हणजे? कोण? दोघांपैकी कोण? मी म्हटलं नाही माहीत. ती म्हणे असं कसं, नेटवर असेल, मी म्हटलं बघू नकोस, झोप. रागावून झोपायला गेली.

सुट्टी संपली, ती गेली हॉस्टेलला. दहा-बारा दिवसांनी रात्री सव्वादोनला मोबाईल वाजला. तिचा मेसेज, आणि खाली एकाखाली एक सहा स्क्रीनशॉट.

"मावशी झोपलीस का? मॅक्रेडीच्या तोंडातून वाफ निघतीये, चाइल्ड्सच्या निघत नाहीये. परत बघ."

मी उठले, लॅपटॉप काढला.